सौरज्वालेतले इलेक्ट्रॉन हार्ड एक्स-रेवरून कसे मोजायचे: नवख्यांसाठी पायरीपायरीने

सौरज्वाला भडकते तेव्हा सूर्याच्या करोनात साठलेली चुंबकीय ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होते आणि तिचा मोठा वाटा इलेक्ट्रॉनांना वेग देण्यात जातो. हे इलेक्ट्रॉन चुंबकीय कमानीच्या दोन्ही पायांकडे धावतात आणि वर्णगोलातल्या, म्हणजे करोनाखालच्या थरातल्या, दाट वायूत घुसतात. तिथल्या आयनांजवळून जाताना त्यांची वाट वाकते आणि त्या वाकण्यात क्ष-किरणांचा फोटॉन सुटतो. या उत्सर्जनाचे नाव ब्रेम्सस्ट्राहलुंग. साधारण १० ते २० केईव्हीच्या वरचे, म्हणजे किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजायचे, हे फोटॉन म्हणजेच हार्ड एक्स-रे.

यातली अडचण पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यावी. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतला जेमतेम एक लाखांश भाग फोटॉन होऊन बाहेर पडतो. बाकी सारी ऊर्जा आजूबाजूच्या कणांशी टक्कर घेण्यात, वायू तापवण्यात संपते. म्हणजे हाती आलेल्या चिमूटभर पुराव्यावरून आपल्याला लाखपट मोठा हिशेब मांडायचा असतो. त्या हिशेबातली कोणती संख्या मोजलेली आणि कोणती मानलेली, हे प्रत्येक पायरीवर वेगळे ठेवणे हेच या कामातले खरे कौशल्य. सॉफ्टवेअर चालवायला दोन दिवसांत येते.

पुढे १०^३५ असे लिहिले की १० चा ३५ वा घात समजावा. पदवीपातळीचे भौतिकशास्त्र आणि थोडे प्रोग्रामिंग येत असेल तर एवढी तयारी पुरते.

आधी स्वतःचा छोटा हिशेब

तयार पॅकेजला हात लावण्याआधी वीस-तीस ओळींचा स्वतःचा प्रोग्राम लिहावा. त्याने पुढच्या निम्म्या चुका टळतात.

पृथ्वीजवळ येणारा फोटॉन-प्रवाह तीन गोष्टींनी ठरतो: स्रोतातला सरासरी इलेक्ट्रॉन-प्रवाह, ब्रेम्सस्ट्राहलुंगचा क्रॉस-सेक्शन आणि अंतर. सरासरी इलेक्ट्रॉन-प्रवाह म्हणजे स्रोताची घनता, त्याचे घनफळ आणि त्यातला सरासरी प्रवाह यांचा गुणाकार. निरीक्षणातून कमीत कमी गृहीतकांनिशी हीच राशी निघते. तिथून मागे जाऊन करोनातून दर सेकंदाला किती इलेक्ट्रॉन सुटले ते सांगायचे तर लक्ष्याचे मॉडेल लागते. सर्वांत रुळलेले मॉडेल म्हणजे जॉन ब्राउन यांनी १९७१ मध्ये मांडलेले थिक-टार्गेट. त्यात इलेक्ट्रॉन लक्ष्यात शिरतो आणि टक्करींत आपली सगळी ऊर्जा गमावूनच थांबतो. थिन-टार्गेटमध्ये तो फारसे काही न गमावता पार निघून जातो.

आता प्रोग्राम. इलेक्ट्रॉन-ऊर्जेची १ ते १००० केईव्हीची जाळी लॉग अंतराने करा, निदान ४०० बिंदूंची. सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा वर्णपट पॉवर-लॉ, म्हणजे ऊर्जेच्या ठरावीक ऋण घाताने घटणारा, धरा. त्याचे तीन आकडे: सेकंदाला एकूण १०^३५ इलेक्ट्रॉन, खालचा कटऑफ (ज्याच्या खाली सुटलेले इलेक्ट्रॉनच नाहीत ती ऊर्जा) २० केईव्ही, उतार (तो घात) डेल्टा ५. थिक-टार्गेटमध्ये कुठल्याही ऊर्जेला सरासरी इलेक्ट्रॉन-प्रवाह काढायचा तर ती ऊर्जा भागिले के, गुणिले त्या ऊर्जेच्या वर दर सेकंदाला सुटलेले इलेक्ट्रॉन. के हा टक्करींतल्या ऱ्हासाचा स्थिरांक. पूर्ण आयनीभूत वायूसाठी, कूलंब लॉगरिदम २० धरला तर, तो २.६ गुणिले १०^-१८ चौरस सेंमी गुणिले केईव्हीचा वर्ग.

क्रॉस-सेक्शनसाठी आधी क्रेमर्सचे साधे रूप घ्या: ७.९ गुणिले १०^-२५, भागिले फोटॉन-ऊर्जा आणि इलेक्ट्रॉन-ऊर्जा यांचा गुणाकार. हायड्रोजनखेरीजच्या मूलद्रव्यांसाठी याला १.४ ने गुणा. मग प्रत्येक फोटॉन-ऊर्जेसाठी तिच्यापासून वरच्या सर्व इलेक्ट्रॉन-ऊर्जांवर संकलन करा आणि शेवटी २.८१ गुणिले १०^२७ ने भागा. हे एका खगोलीय एककाच्या त्रिज्येच्या गोलाचे पृष्ठफळ, चौरस सेंमीत.

२० केईव्हीला उत्तर सुमारे ५ फोटॉन आले पाहिजे, दर चौरस सेंमी, दर सेकंद, दर केईव्ही. ४० केईव्हीला त्याचा सोळावा हिस्सा, म्हणजे ०.३ च्या आसपास. क्रेमर्सच्या जागी बेथे-हाइटलरचे लॉगरिदम असलेले रूप घातले तर २० केईव्हीचा आकडा ५.४ होतो. याहून फार वेगळे काही आले तर एककांत घोळ आहे. बहुधा केईव्ही आणि अर्ग एकमेकांत मिसळलेले असतात, नाहीतर १.४ दोनदा गुणलेले असते.

याच प्रोग्रामवर तीन गोष्टी करून पाहा.

उतार मोजा. डेल्टा ५ दिला तर फोटॉनांचा उतार ४ येतो: थिक-टार्गेटमध्ये एकाने कमी. थिन-टार्गेटमध्ये तो एकाने जास्त, म्हणजे ६. म्हणून ४ उताराचा फोटॉन-वर्णपट समोर आला तर इलेक्ट्रॉनांचा उतार ५ ही असेल किंवा ३ ही. वर्णपट एकटा त्यातला निवाडा करत नाही. तो कमानीच्या प्रतिमेवरून आणि घनतेवरून करावा लागतो.

मग कटऑफच्या खाली बघा. अनेकांची समजूत असते की इलेक्ट्रॉन २० केईव्हीला तुटले तर फोटॉनही तिथेच तुटतील. तसे होत नाही. २० च्या वरचे इलेक्ट्रॉन १० केईव्हीचे फोटॉनही टाकतातच, शिवाय ऊर्जा गमावत ते स्वतः २० च्या खाली उतरतात. फोटॉन-वर्णपट नुसता सपाट होतो. त्या सपाटीवर वरून उष्ण वायूचे उत्सर्जन पसरलेले असते, आणि पुढची सगळी कुतरओढ याच पट्ट्यात होते.

तिसरे, जाळीची वरची मर्यादा मुद्दाम १०० केईव्हीवर आणून ८० केईव्हीचे फोटॉन पाहा. वर्णपट तिथे खोटाच खाली वाकतो, कारण ते फोटॉन टाकणारे वरचे इलेक्ट्रॉन तुम्ही जाळीतच ठेवले नाहीत. खऱ्या फिटिंगमध्येही हेच होते. वरचा कटऑफ निरीक्षणाच्या मर्यादेच्या जवळ ठेवला की जो वाक दिसतो तो सूर्यावर नसतो.

हे साधे रूप सापेक्षतावादी नाही. साधारण १०० केईव्हीच्या वर जायचे असेल तर हाउग यांचे सूत्र वापरणारे पॅकेजच घ्यावे, आणि कित्येक शे केईव्हीच्या पुढे इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन ब्रेम्सस्ट्राहलुंगही धरावे.

कोणते उपकरण, कोणती ज्वाला

रेसी हा उपग्रह ५ फेब्रुवारी २००२ ला सुटला आणि २०१८ मध्ये त्याचे काम थांबले. त्यावर जर्मेनियमचे नऊ डिटेक्टर होते, पल्ला ३ केईव्हीपासून १७ एमईव्हीपर्यंत. संपूर्ण डेटा खुला आहे, आणि इतक्या वर्षांत त्यातल्या बहुतेक खोडी कुणी ना कुणी लिहून ठेवल्या आहेत. शिकायला म्हणून आजही तोच उत्तम. सोलर ऑर्बिटरवरचे स्टिक्स ४ ते १५० केईव्हीत पाहते. यान फेब्रुवारी २०२० मध्ये सुटले, ते अजून चालू आहे. आपल्या आदित्य-एल१ वरचे हेलिऑस ८ ते १५० केईव्ही पाहते. त्यात कॅडमियम टेल्युराइड आणि कॅडमियम झिंक टेल्युराइड असे दोन प्रकारचे डिटेक्टर आहेत. त्याच यानावरचे सोलेक्स २ ते २२ केईव्ही देते, म्हणजे उष्ण वायूचा भाग घट्ट धरायला ते हाताशी आहे. पुण्याच्या आयुकाने घडवलेली सूट ही दुर्बीण अतिनील प्रतिमा देते. कमानीचे पाय नेमके कुठे पेटले हे त्यांवरून कळते आणि हेलिऑसच्या नुसत्या वर्णपटाला जागा मिळते. हा डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नोंदणी करून उतरवता येतो.

ज्वालांचे वर्ग चढत्या क्रमाने सी, एम, एक्स असे जातात. पहिल्या सरावाला एक्स वर्गाची ज्वाला घेऊ नका. तिचा वर्णपट भव्य दिसतो, पण डिटेक्टर गुदमरलेले असतात आणि तुमचा वेळ दुरुस्त्यांत जातो. अगदी लहान ज्वालाही नको, २५ केईव्हीच्या वर मोजायला काही उरत नाही. सी वर्गाचा वरचा भाग ते एम वर्गाचा मधला, हा पट्टा चांगला. रेसीसाठी २० फेब्रुवारी २००२ ची, जागतिक वेळ ११:०६ च्या सुमाराची सी७.५ ज्वाला घ्या. आवाका मध्यम, कमानीचे पाय प्रतिमेत सुटे दिसतात, आणि ती सूर्यबिंबाच्या पश्चिम कडेजवळ असल्याने पुढे सांगितलेला अल्बेडोचा त्रास कमी. तिच्यावर भरपूर लिहिले गेले आहे, त्यामुळे आपले आकडे ताडून पाहता येतात.

सॉफ्टवेअरमध्ये आयडीएल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या सोलरसॉफ्टमधले, वर्णपट जुळवणारे ऑस्पेक्स हे या क्षेत्रातले जुने घोडे आहे. आयडीएलला परवाना लागतो. तो नसेल तर पायथनमधले सनकिट-स्पेक्स मोफत आहे. ते अजून घडते आहे, म्हणून कोणती आवृत्ती वापरली ते नोंदवून ठेवा. पुढच्या पायऱ्या दोन्हींना लागू आहेत.

वेळ, पार्श्वभूमी, प्रतिसाद-सारणी

आधी काल-आलेख काढा: ६ ते १२, १२ ते २५, २५ ते ५० आणि ५० ते १०० केईव्ही, चारही एकाखाली एक. २५ ते ५० मध्ये टोकदार शिखरे दिसतील, ६ ते १२ मध्ये सावकाश चढणारा डोंगर. टोकदार शिखर म्हणजे इलेक्ट्रॉन, डोंगर म्हणजे त्यांनी तापवलेला वायू. फिटसाठी सर्वांत उंच शिखराभोवतीचा २० ते ६० सेकंदांचा तुकडा निवडा. रेसी दर सुमारे ४ सेकंदांना स्वतःभोवती एक फेरी घेत असे, म्हणून तुकडा फेरीच्या पटीत घ्यावा, नाहीतर डिटेक्टरांसमोर बसवलेल्या जाळ्यांची सावली वर्णपटात उतरते. तुकड्याच्या मध्येच अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे डिटेक्टरसमोर सरकणारी धातूची चकती, बदललेली नसावी. हा बदल काल-आलेखात एकदम पडलेल्या पायरीसारखा दिसतो.

स्टिक्सचा डेटा पृथ्वीजवळच्या उपकरणांशी जोडताना प्रकाशाला लागणारा वेळ धरायला विसरू नका. यान ०.५ खगोलीय एककावर असेल तर त्याला ज्वाला आपल्यापेक्षा सुमारे २५० सेकंद आधी दिसते, आणि प्रवाह चौपट मिळतो. वर सांगितलेला २.८१ गुणिले १०^२७ हा भाजक तेव्हा चालत नाही.

पार्श्वभूमी ज्वालेच्या आधीच्या आणि शक्य तर नंतरच्या शांत काळातून घ्या. रेसी पृथ्वीभोवती सुमारे ९६ मिनिटांत फिरत असे, त्यामुळे त्याची पार्श्वभूमी एका प्रदक्षिणेतही वरखाली होते. ५० केईव्हीच्या वर दोन्ही बाजूंना बहुपदी जुळवून मधला भाग काढावा. आदित्यच्या जागी, एल१ वर, असा चढउतार नाही, पण सौर कणांचा लोट आला की तिथलीही पार्श्वभूमी चढते. स्टिक्सच्या पार्श्वभूमीत त्याच्याच अंशांकनाच्या बेरियम स्रोताच्या ३१ आणि ८१ केईव्हीच्या रेषा असतात; नीट वजा झाल्या नाहीत तर नेमक्या तिथे खुंट उभे राहतात. फिटची वरची मर्यादा स्वतः ठरवा: जिथे निव्वळ मोजणी पार्श्वभूमीच्या अनिश्चिततेत बुडते, तिथे थांबा. लोभाने आणखी चार पट्टे घेतले की डेल्टा बिघडतो.

आता प्रतिसाद-सारणी: कोणत्या ऊर्जेचा फोटॉन किती ऊर्जेचा म्हणून नोंदला जातो त्याची सारणी. डिटेक्टर २० केईव्हीचा फोटॉन नेहमी २० म्हणूनच नोंदवत नाही. जर्मेनियममध्ये ११.१ केईव्हीच्या वरचा फोटॉन शिरला की कधीकधी सुमारे १० केईव्हीचा दुय्यम फोटॉन निसटून जातो आणि नोंद तेवढी खाली पडते. म्हणून अ‍ॅटेन्युएटर समोर असताना रेसीची ६ केईव्हीच्या खालची मोजणी वापरू नये. तिथे जे दिसते ते बहुतांशी वरून घसरलेले असते. याच कारणासाठी मोजणी उलटी फिरवून फोटॉन-वर्णपट काढायचा आणि त्याला रेषा जुळवायची, हा मार्ग चुकीचा आहे. मॉडेलचा फोटॉन-वर्णपट सारणीतून पुढे ढकलायचा आणि मोजणीशी मोजणीच ताडायची. पॅकेज पडद्यावर फोटॉनांचे बिंदू दाखवते तेव्हा ते बिंदूही तुमच्या मॉडेलनेच घडवलेले असतात. मॉडेल बदला, बिंदू हलतात. सारणी त्याच तारखेची, त्याच अ‍ॅटेन्युएटर-स्थितीची आहे ना, हे दोनदा तपासा.

आधी उष्ण वायू, मग इलेक्ट्रॉन

एकदम सगळे पॅरामीटर मोकळे सोडले की फिट कुठेही जाऊन बसतो. म्हणून क्रम पाळा.

पहिल्यांदा फक्त ६ ते १२ केईव्हीत एकाच तापमानाचा उष्ण वायू जुळवा. ऑस्पेक्समध्ये याचे नाव व्हीटीएच. पहिला पॅरामीटर उत्सर्जन-माप (घनतेचा वर्ग गुणिले घनफळ), १०^४९ प्रति घन सेंमीच्या एककात. दुसरा तापमान, केईव्हीत. १ केईव्ही म्हणजे १.१६ कोटी केल्व्हिन. सी-एम वर्गासाठी सुरुवातीला ०.१ आणि १.५ द्या. ६.७ केईव्हीजवळ लोहाच्या रेषांचा उंचवटा असतो. मूलद्रव्यांचे प्रमाण सुरुवातीला १ वर गोठवून ठेवा.

मग उष्ण भाग गोठवा आणि २५ केईव्हीपासून वरच्या मर्यादेपर्यंत थिक-टार्गेट जुळवा. ऑस्पेक्सच्या थिक२ मध्ये सहा पॅरामीटर आहेत: एकूण इलेक्ट्रॉन १०^३५ प्रति सेकंदाच्या एककात, खालचा उतार, तुटीची ऊर्जा (जिथे उतार बदलतो ती), तुटीवरचा उतार, खालचा कटऑफ, वरचा कटऑफ. साधा पॉवर-लॉ हवा असेल तर तुटीची ऊर्जा आणि वरचा कटऑफ दोन्ही डेटाच्या कितीतरी वर नेऊन गोठवा, तुटीवरचा उतारही गोठवा. सुरुवात १, ५ आणि कटऑफ २०. या टप्प्यात कटऑफही गोठलेलाच राहू द्या, कारण २५ च्या वरच्या डेटाला त्याच्याबद्दल काही सांगता येत नाही.

डेल्टा स्थिरावला की ६ पासून वरपर्यंतचा पूर्ण पल्ला घ्या आणि उत्सर्जन-माप, तापमान, एकूण इलेक्ट्रॉन, डेल्टा, कटऑफ हे पाच मोकळे सोडा. मोजणीची पद्धतशीर चूक २ ते ५ टक्के धरा. एखाद्या पट्ट्यात १०-२० हून कमी मोजणी असेल तर पट्टे जोडा किंवा काय-वर्गाऐवजी (फिट किती जुळला याचे नेहमीचे माप) कॅशचे सांख्यिकी माप वापरा.

रेसिड्युअल वाचायला शिका

काय-वर्ग (मुक्तमात्रांच्या संख्येने भागलेला) १ च्या जवळ आला म्हणून थांबणारे फार असतात. तो एकच आकडा पुरत नाही. निरीक्षण आणि मॉडेल यांच्यातला फरक, म्हणजेच रेसिड्युअल, मोजणीच्या अनिश्चिततेच्या पटीत ऊर्जेपुढे मांडून बघा. तो शून्याभोवती विस्कळीत हवा. त्यात आकार दिसला तर त्याला कारण असते.

६.७ केईव्हीपाशी आडव्या एस-सारखी लाट म्हणजे ऊर्जामापनाची पट्टी किंचित सरकलेली. तापमान ढकलून ती लाट बुजवू नका, गेन-दुरुस्ती करा.

मोजणीच्या शिखराच्या दुप्पट ऊर्जेला उंचवटा असेल तर पाइल-अप. दोन फोटॉन इतक्या पाठोपाठ आले की डिटेक्टरने एकच समजला: १२ आणि १२ चे २४. मोठ्या ज्वालांत हे हमखास होते, आणि नवखा माणूस तिथे इलेक्ट्रॉनांचा जादा गट शोधतो. त्याच ज्वालेतला मोजणीचा वेग कमी असलेला जवळचा तुकडा घ्या; उंचवटा वेगाच्या वर्गाने घटला तर शंका मिटली.

ज्वाला बिंबाच्या मध्याजवळ असेल आणि ३० ते ५० केईव्हीच्या आसपास रुंद, लोळणारा फुगवटा दिसत असेल, तर तो अल्बेडो: खाली गेलेले फोटॉन दीप्तिगोलातल्या, म्हणजे सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागातल्या, इलेक्ट्रॉनांवर आपटून आपल्याकडे परत फिरतात. ही दुरुस्ती पॅकेजमध्ये आहे. तिला ज्वालेचे बिंबावरचे स्थान द्यावे लागते. दुरुस्ती न करता २० केईव्हीखालची सपाटी पाहून उंच कटऑफ जाहीर करणे ही या क्षेत्रातली जुनी चूक आहे. मध्याजवळच्या ज्वालेत अल्बेडो वगळण्याला काहीच समर्थन नाही.

वर्णपटाला ४०-५० केईव्हीच्या वर कुठे तूट दिसली तर ती त्वरणयंत्रणेचीच असे धरू नका. वर्णगोलात खाली उदासीन हायड्रोजन असतो. तिथे टक्करींत ऊर्जा कमी वेगाने जाते, सुमारे २.८ पटींनी कमी, म्हणून त्याच इलेक्ट्रॉनकडून जास्त फोटॉन निघतात. जास्त ऊर्जेचेच इलेक्ट्रॉन तिथवर पोचतात, आणि वर्णपटाला गुडघा येतो. इलेक्ट्रॉनांच्या लोंढ्याविरुद्ध उलट वाहणारा प्रवाहही कमी ऊर्जेच्या बाजूला वर्णपट सपाट करतो. दुहेरी पॉवर-लॉ जुळला हे खरे. त्याचा अर्थ मात्र पुढे शोधायचा असतो.

आणि काय-वर्ग ०.३ आला तर खूश होऊ नका. पद्धतशीर चूक जास्त धरली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कटऑफ: इथे घाई नको

सगळ्या हिशेबाचा कणा म्हणजे खालचा कटऑफ, आणि नेमका तोच उष्ण वायूच्या आड दडलेला असतो. वरच्या ऊर्जांचा डेटा तोच ठेवून डेल्टा ५ असताना कटऑफ २० वरून १० वर आणला तर इलेक्ट्रॉनांची संख्या सोळापट आणि त्यांची शक्ती आठपट होते. डेल्टा ७ असेल तर शक्ती बत्तीसपट. वर्णपटावर मात्र नजरेला जाणवेल इतकाही फरक पडत नाही.

म्हणून पॅकेजने दिलेला कटऑफ आणि त्याची सुबक दिसणारी अनिश्चितता तशीच उचलू नका. कटऑफ ८, १०, १२ असा दोन-दोनने ३० पर्यंत गोठवत जा, प्रत्येक वेळी बाकीचे चारही पॅरामीटर मोकळे ठेवून पुन्हा फिट करा, आणि एकूण (न भागलेला) काय-वर्ग कटऑफपुढे मांडा. बहुतेक ज्वालांत डावीकडे आलेख सपाट पसरतो आणि उजवीकडे एका ऊर्जेनंतर चढतो. चढ सुरू होऊन काय-वर्ग किमानापेक्षा २.७ ने वाढतो ती ऊर्जा म्हणजे ९० टक्के खात्रीची वरची मर्यादा. तिच्यावरून निघणारी ऊर्जा ही किमान ऊर्जा, आणि लिहिताना "किमान" हा शब्द लिहिलाच पाहिजे. आलेख दोन्ही बाजूंनी खोलगट आला तरच कटऑफ खरोखर मोजला असे म्हणता येते, तेही अल्बेडो धरून झाल्यावर.

मोठ्या ज्वालांत ३ कोटी केल्व्हिनहून तप्त असा दुसरा वायू असू शकतो. तो न धरल्यास त्याचे फोटॉन कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांच्या खात्यात जमा होतात.

कटऑफ आणखी आवळायचा तर कमानीची घनता लागते. उदाहरण घेऊ: उत्सर्जन-माप १०^४८ प्रति घन सेंमी, प्रतिमेवरून घनफळ १०^२७ घन सेंमी. भागाकाराचे वर्गमूळ म्हणजे घनता, सुमारे ३.२ गुणिले १०^१०. कमानीची अर्धी लांबी २०,००० किमी धरली तर वाटेतला स्तंभ, म्हणजे घनता गुणिले लांबी, ६.३ गुणिले १०^१९ प्रति चौरस सेंमी. त्याला २ के ने गुणून वर्गमूळ काढले की उत्तर सुमारे १८ केईव्ही. म्हणजे १८ केईव्हीपर्यंतचे इलेक्ट्रॉन पायापर्यंत पोचतच नाहीत. ते करोनातच विरतात आणि तिथल्या तापलेल्या वायूत मिसळून जातात. थंड लक्ष्य मानणारे साधे थिक-टार्गेट अशा ज्वालेत कमी ऊर्जेला लागू पडत नाही. तिथे वॉर्म-टार्गेट मॉडेल वापरावे. ऑस्पेक्समध्ये ते आहे. त्याला तापमान, घनता आणि लांबी ज्वालेच्या प्रतिमेवरून काढून द्यावी लागते. मनाने घातलेली घनता म्हणजे मनाने घातलेला कटऑफ.

घनता १०^११ असेल तर हीच मर्यादा ३० च्या वर जाते आणि हार्ड एक्स-रे पायांऐवजी कमानीतच दिसतात. म्हणून वर्णपटाआधी प्रतिमा बघा.

ऊर्जेचा हिशेब

इलेक्ट्रॉनांची शक्ती, अर्ग प्रति सेकंद: १.६ गुणिले १०^-९, गुणिले एकूण इलेक्ट्रॉन, गुणिले कटऑफ केईव्हीत, गुणिले डेल्टा उणे १ भागिले डेल्टा उणे २. आपल्या सुरुवातीच्या आकड्यांना, १०^३५, २० आणि ५, हे ४.३ गुणिले १०^२७ येते. असा लोंढा ६० सेकंद टिकला तर २.६ गुणिले १०^२९ अर्ग. पायांचे क्षेत्रफळ १०^१७ चौरस सेंमी असेल तर ऊर्जा-प्रवाह ४.३ गुणिले १०^१० अर्ग प्रति चौरस सेंमी प्रति सेकंद. वर्णगोलाच्या तापण्याचे गणित करणाऱ्यांना हाच आकडा हवा असतो, आणि क्षेत्रफळ चुकले तर तो त्याच पटीत चुकतो. हार्ड एक्स-रे प्रतिमेतले पाय उपकरणाच्या विभेदनाने फुगलेले असतात; अतिनील प्रतिमेतले पट्टे त्याहून अरुंद दिसतात. दोन्ही क्षेत्रफळांनी उत्तर काढून दोन्ही लिहा.

उलट बाजूने पडताळा घ्या. उष्ण वायूची ऊर्जा म्हणजे ३, गुणिले तापमान अर्गमध्ये, गुणिले उत्सर्जन-माप आणि घनफळ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. १.५ केईव्ही, १०^४८ आणि १०^२७ ला ते २.३ गुणिले १०^२९ अर्ग येते. दोन्ही आकडे एकाच घरात आले हे बरे लक्षण, पण वायूने दरम्यान उष्णतावहन आणि प्रारणातून गमावलेली ऊर्जा यात नाही, आणि घनफळ पूर्ण भरलेले आहे हेही मानलेलेच आहे. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वायूच्या ऊर्जेहून शंभरपट आली तर आधी कटऑफवर संशय घ्या.

निकाल लिहिताना प्रत्येक आकड्यासमोर दोनपैकी एक शब्द लिहा: मोजलेला किंवा मानलेला. डेल्टा, तापमान, उत्सर्जन-माप पहिल्या रकान्यात. घनफळ, क्षेत्रफळ, लक्ष्य थिक असणे, कूलंब लॉगरिदम दुसऱ्या. कटऑफ कुठे जातो ते वरच्या आलेखाने ठरवा. फिटचा पल्ला, पार्श्वभूमीच्या वेळा, अ‍ॅटेन्युएटर-स्थिती आणि धरलेली पद्धतशीर चूक हेही नोंदवा. एवढे असले तर दुसऱ्याला तुमचा फिट जसाच्या तसा पुन्हा करता येतो.

एक तुकडा जमला की शिखराच्या आधीचे आणि नंतरचे तुकडे त्याच पद्धतीने घ्या. बहुतेक ज्वालांत डेल्टा चढताना उतरतो, शिखराला सर्वांत कमी असतो आणि मग पुन्हा वाढतो. तुमच्या आलेखात शिखरानंतरही तो घटतच राहिला, तर वेगळी ज्वाला सापडली असे ठरवण्याआधी त्या तुकड्यांची पार्श्वभूमी पुन्हा काढून पाहा: मोजणी आटली की थोडी उरलेली पार्श्वभूमीही वर्णपट सपाट करते. पार्श्वभूमीची बहुपदी एका घाताने वरखाली करूनही घट टिकली, तर तो तुकडा जपून ठेवा आणि त्याच वेळच्या प्रतिमांकडे वळा.